माऊस हलेना: दुरुस्त करावा, वायरचा घ्यावा, डोंगलचा की ब्लूटूथचा?

लॅपटॉपचा माऊस बंद पडला की आपला हात आधी खरेदीच्या अॅपकडे जातो. घाई नको. कर्सर न हलण्यामागे माऊस असेल, यूएसबी पोर्ट असेल, विंडोजची एखादी सेटिंग असेल. दोष पोर्टचा असेल तर दीड हजारांचा नवा माऊसही तिथे तसाच ढिम्म पडून राहणार. म्हणून आधी दोष कुठे आहे ते बघायचं, काय घ्यायचं ते मग.

माऊस उलटा करून खालचा दिवा बघा. लाल उजेड नाही म्हणजे माऊस गेलाच असं समजू नका. अनेक वायरलेस माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा असतो; मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून तो बऱ्याचदा फिकट जांभळा दिसतो. मग पोर्ट बदला, आणि बदलताना मधला हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) काढून माऊस थेट लॅपटॉपला लावा. हबवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू असेल तर माऊसला पुरेसा करंट मिळेलच असं नाही. शेवटी दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे नीट चालला तर नव्या माऊसवर एक रुपयाही घालू नका, कारण दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे.

अशा वेळी शटडाऊन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरची (माऊससारखं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि चालू होताना तीच परत आणतं. रीस्टार्टच करा. टचपॅडही चालत नसेल तर कीबोर्डवर काम भागतं: विंडोज आणि एक्स एकत्र दाबून सोडा, मग एम दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडेल. टॅब दाबून यादीत जा, खालच्या बाणाने माऊसच्या गटावर या, उजव्या बाणाने तो उघडा, माऊस निवडून शिफ्ट-एफ१० दाबा आणि अनइन्स्टॉल डिव्हाइस करा. माऊस काढून पुन्हा लावला की ड्रायव्हर नव्याने बसतो.

थोडा वेळ हात लावला नाही की माऊस झोपतो आणि पोर्टमधून काढून पुन्हा घातला की जागा होतो, ही तक्रार वेगळी. इथे विंडोज वीज वाचवायला पोर्ट बंद करत असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्येच यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटची टॅब असेल, तर तिथली पहिली खूण काढा. यादीत जितके रूट हब दिसतील तितक्यांची काढावी लागते. एकाचीच काढून लोक फसतात.

आता माऊसच बिघडला आहे असं धरू. दुरुस्तीच्या लायकीचे बिघाड मोजकेच असतात. वायर जिथे माऊसमध्ये शिरते तिथे ती आतून तुटते. तिथेच वायर हलवून बघा, दिवा लुकलुकला तर निदान झालं. तुटलेल्या जागेच्या पुढे तीन-चार सेंटीमीटरवर वायर कापून आतल्या चार तारा पुन्हा सोल्डर करायच्या. लाल, काळी, पांढरी, हिरवी हा नेहमीचा क्रम स्वस्त माऊसमध्ये पाळलेला असेलच असं नाही, म्हणून तोडण्याआधी बोर्डचा फोटो काढून ठेवा. दुसरा बिघाड म्हणजे एक क्लिक केली की दोन पडतात, किंवा फाइल ओढताना मधेच सुटते. आतल्या मायक्रोस्विचची (बटणाखालच्या छोट्या स्विचची) धातूची पट्टी झिजलेली किंवा काळवंडलेली असते. तीन पायांचा तो स्विच काही रुपयांत मिळतो, पण बदलायला सोल्डरिंगचा हात लागतो. वायरलेस माऊसमध्ये सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरी पूड साचली असेल तर ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने पुसा, कोरड्या कापडाने टिपा, पूर्ण वाळू द्या, मग नवा सेल घाला. एवढ्याने बरेच माऊस परत चालू होतात.

हिशेब साधा आहे. साधारण तीन-चारशे रुपयांच्या माऊसला दुकानात सोल्डरिंगची मजुरी देणं परवडत नाही. घरी सोल्डरिंग गन असेल तरच करा. दोन-अडीच हजारांच्या माऊसचा स्विच मात्र जरूर बदलून घ्या. हालचाल टिपणारा सेन्सर गेला असेल तर कोणत्याही किमतीत नाद सोडा. तेवढं करण्याआधी माऊस काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत सनमायकावर चालवत नाही ना, हे पाहा. खाली साधा कागद ठेवून बघितलं की कळतं.

नवा घ्यायचाच ठरला तर घरी एकाच टेबलावर बसणाऱ्याने वायरचा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत. सेल नाही, जोडणी नाही, रेडिओ लहरींची भानगड नाही, आणि बिघडला तर कारण लगेच सापडतं. साधारण अडीचशे ते चारशेत कामाचा मिळतो. त्याचा त्रास एकच, वायरची ओढाताण. ती वायर लॅपटॉपच्या मागून वळवून आणली की पोर्टवर ताण येत नाही.

ठाण्याहून ऐरोली किंवा महापेला रोज लॅपटॉप नेणाऱ्याला वायर नकोशी होते. त्याच्यासाठी डोंगलचा माऊस, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये छोटा रिसीव्हर लावून चालणारा वायरलेस माऊस, साधारण पाचशे ते आठशेत. पण याच माऊसबद्दल ‘कर्सर अडखळतो’ ही ओरड सर्वांत जास्त असते, आणि त्यात बऱ्याचदा माऊसचा दोष नसतो. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं. यूएसबी ३ चा पोर्ट, आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह, नेमक्या त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र तांत्रिक टिपणच काढलं होतं. डोंगल निळ्या (सहसा यूएसबी ३ च्या) पोर्टमध्ये आणि शेजारी हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर कर्सर अडखळू शकतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये घाला. तेवढ्याने भागलं नाही तर वीतभर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल माऊसजवळ आणा. घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर आणखी थोडा फरक पडतो.

दुसरं, डोंगल हरवतं. बहुतेक स्वस्त माऊस त्यांच्या डोंगलशी कारखान्यातच बांधलेले असतात. ते हरवलं की माऊसही गेला. लॉजिटेकच्या काही मॉडेलना युनिफाइंग किंवा बोल्ट रिसीव्हर सुटा मिळतो, पण या दोन जाती एकमेकींशी चालत नाहीत, तेव्हा माऊसच्या तळाशी कोणतं चिन्ह आहे ते पाहूनच मागवा. लोकलच्या गर्दीत लॅपटॉपला डोंगल तसंच ठेवून बॅग दाबली गेली की पोर्ट वाकतो, आणि माऊस चालू राहिला असेल तर त्याच्या हलण्याने लॅपटॉप बॅगेतच जागा होऊन तापत बसतो. माऊसच्या तळाशी डोंगल ठेवायची खोबण असते, ती वापरा, आणि माऊसचा स्विचही बंद करा.

ब्लूटूथचा माऊस ज्यांच्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट आहेत, किंवा टॅबलेटलाही तोच माऊस लावायचा आहे, त्यांच्यापुरता. पैसे जास्त पडतात, झोपेतून उठायला तो क्षणभर वेळ घेतो, आणि बायॉसच्या पडद्यावर (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) सहसा चालत नाही. म्हणजे लॅपटॉप रुसला की नेमका तेव्हाच उपयोगाला येत नाही.

माऊसच नको, टचपॅडवर भागवू, असं म्हणणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. माऊस लावल्यावर टचपॅड बंद पडत असेल तर तो बिघाड नाही. विंडोज ११ मध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड, इथे माऊस असतानाही टचपॅड चालू ठेवायचा पर्याय आहे. चार्जर लावल्यावरच कर्सर थरथरत असेल तर अर्थिंगकडे बघा: तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलेला असतो. आणि टचपॅड एका बाजूने उचललेला दिसला, क्लिक दबेनाशी झाली, तर खालची बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, चार्जिंग ताबडतोब थांबवा, लॅपटॉप बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या. इथे माऊसची तुलना बाजूला ठेवा, आधी बॅटरी.

खरेदीला ठाण्याच्या गोखले रोडपासून वाशीच्या सेक्टर १७ पर्यंत कुठेही चालेल. एका माऊससाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाण्यात अर्धा दिवस मोडतो. तिकडे जायचं ते चार-पाच वस्तू एकदम घ्यायच्या असतील तेव्हा. दुकानात डबा उघडून माऊस आपल्याच लॅपटॉपला लावा, डाव्या बटणाने एखादी फाइल ओढून दहा सेकंद धरून ठेवा, चाक हळूहळू वर-खाली फिरवून पान उड्या मारत नाही ना ते बघा. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. आणि वॉरंटी किती वर्षांची ते डब्यावर वाचा, दुकानदाराच्या तोंडून नको.