पाळण्यावरच्या फेल्टच्या झुंबराचा संच: घ्यावा की सुटं सामान आणावं?

बारशाच्या तोंडावर घाईघाईने मागवल्या जाणाऱ्या वस्तूंत हल्ली फेल्टच्या (न विणता दाबून केलेल्या जाडसर कापडाच्या) पक्ष्यांचं झुंबर बरंच वर आहे. तयार नाही, घरी शिवायचा संच. खोक्यात साधारण हे निघतं: 25 सेंमी व्यासाचं लाकडी कडं, सहा पक्ष्यांचे कापून ठेवलेले तुकडे, भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या, भरायला फायबर (कृत्रिम कापूस), एक सुई, टांगायला नायलॉनचा पारदर्शक दोरा आणि बाळाच्या नावाचं तोरण करायला त्रिकोणी झेंडे. बाराशेच्या आसपासच्या या संचाबद्दल आमचं मत आधीच सांगतो. कापलेलं फेल्ट आणि कडं उत्तम, टांगायचं सामान टाकाऊ. आणि सगळी मांडणी केलीय ती दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यासाठी. पाळण्यात उताणं पडलेल्या बाळाचा त्यात कुणी विचार केलेला दिसत नाही.

सुरुवात याच दोषापासून करू. सहाही पक्षी दोन सपाट तुकडे जोडून होतात, म्हणजे चोच, डोळा, पंख सगळं बाजूला. खालून बघणाऱ्या बाळाला दिसते ती फक्त पोटाची बारीक शिवण. शिवाय रंग सगळे फिके: पिस्ता, फिकट गुलाबी, मोतिया. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला 20 ते 30 सेंमीवरचंच जरा स्पष्ट दिसतं, आणि तेही गडद-उजळ असा ठळक फरक असेल तर. खोलीच्या पडद्यांना शोभणारा पिस्ता रंग त्याच्या काही कामाचा नाही.

उपाय सोपा आहे, पण संचाच्या पत्रकात नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये पोटाला 2 सेंमी रुंदीची पट्टी घाला. चोचीखालून शेपटीपर्यंत, दोन्ही टोकांना निमुळती. ती पांढऱ्या फेल्टची असू द्या आणि शिवण्याआधीच तिच्यावर काळ्या दोऱ्याने आडव्या रेघा भरून घ्या. पक्षी फुगीर होतो, खालून बघायला काहीतरी मिळतं, आणि शिवण उलगडण्याची भीतीही कमी होते, कारण ताण एका रेषेवर न येता दोन रेषांवर वाटला जातो. सहा पक्ष्यांच्या पट्ट्या पांढऱ्या फेल्टच्या एका ए-फोर तुकड्यात सहज बसतात.

शिवताना सगळ्यात जास्त बिघडतो तो काठ. संचातलं फेल्ट 1 मिमी जाडीचं असतं. काठापासून मिमी-दीड मिमीवर काजाचा टाका घातला आणि दोरा जरा ओढला की काठ फाटून टाका हातात येतो. 3 मिमी आत घ्या, दोन टाक्यांत 4 मिमी अंतर ठेवा. लडीचा दोरा सहा पदरी असतो. त्यातले दोनच पदर वापरा. तीन पदर घेतले तर टाका ठसठशीत दिसतो खरा, पण वळणावर, विशेषतः चोचीपाशी, गोळा होतो. दोरा एका वेळी 45 सेंमीहून लांब घेऊ नका, फेल्टमधून परत परत ओढला की तो पिंजतो. सुरुवात पंखाखालून करा, म्हणजे शेवटची गाठ पंखामागे लपते. खुणा शिंप्याच्या खडूने कराव्यात. बॉलपेनची रेघ फिक्या फेल्टमधून आरपार दिसते आणि धुतल्यावर आणखी पसरते.

भरायला 2.5 सेंमी तोंड उघडं ठेवायचं. आधी शेपूट, मग डोकं, शेवटी पोट, आणि दाबायला पेन्सिलीची बोथट बाजू. फायबर चिमटी-चिमटीने घाला. मोठा गोळा एकदम कोंबला की पक्षी खडबडीत होतो आणि ते नंतर नीट होत नाही. फायबरऐवजी घरातला कापूस भरण्याचा सल्ला बऱ्याच आज्या देतात. सुती कापूस धुतल्यावर गाठी धरतो आणि पावसाळ्यात ओल धरतो, कोकणात तर विचारूच नका. डोळ्याला संचात काळे मणी दिलेत, ते बाजूला ठेवून काळ्या दोऱ्याने गाठीचा टाका घाला. मणी निघू शकतो, गाठ निघत नाही.

संचातल्या फिक्या रंगांऐवजी लाल किंवा गडद निळं फेल्ट आणलं असेल तर त्याचा रंग शिवण्याआधी तपासा: ओल्या पांढऱ्या फडक्यात तुकडा गुंडाळून तासभर दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाद.

आता टांगणं, म्हणजे या संचाचा खरा कच्चा दुवा. नायलॉनच्या गुळगुळीत दोऱ्याला साधी गाठ टिकत नाही, हळूहळू सरकते आणि एक पक्षी खाली उतरतो. क्रोशाचा सुती दोरा आणा. पक्ष्याच्या पाठीतून फक्त फेल्टच्या एका थरात ओवलेला दोरा काही दिवसांत भोक मोठं करतो, म्हणून सुई पाठीतून पोटापर्यंत आरपार काढा, पोटाला फेल्टची सेंटीमीटरभर चकती लावा आणि चकतीखाली गाठ मारा. दोरा कुठून काढायचा? पाठीत टाचणी खुपसून पक्षी त्या टाचणीवर उचलून बघा. जिथे धरल्यावर तो आडवा राहतो ती जागा. बहुतेक वेळा ती मध्यापासून जरा डोक्याकडे निघते.

कडं तिरकं होतं ही या संचाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि दोष पक्ष्यांच्या वजनाला दिला जातो. वजन सारखं हवंच: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सहाही पक्षी तोला, समोरासमोरच्या जोड्या वजनाप्रमाणे लावा. पण मूळ गोम वरच्या दोऱ्यांत आहे. कडं ज्या तीन दोऱ्यांनी एका गाठीला लटकतं ते पत्रकाप्रमाणे केलं तर गाठ कड्याच्या फक्त 10 सेंमी वर येते. समजा कडं 30 ग्रॅमचं, पाच पक्षी 10 ग्रॅमचे आणि एक 15 चा. गाठ 10 सेंमीवर असेल तर कडं जवळजवळ 4 अंश कलतं, डोळ्याला खुपेल इतकं. तीच गाठ 20 सेंमीवर नेली की कल निम्म्यावर येतो. तेव्हा तिन्ही दोरे लांब घ्या, कड्यावर 120 अंशांच्या अंतराने बांधा, आणि झुंबर टांगून सरळ झाल्यावरच प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब द्या. आधी नको. कड्यापासून पक्ष्यापर्यंतचा दोरा मात्र आखूड, 15 ते 20 सेंमी. लांब दोरा पंख्याच्या वाऱ्यात शेजारच्यात गुंततो, आणि बाळाच्या हाती लागलाच तर गळ्याभोवती जाण्याइतका असतो.

संचातल्या फोटोत झुंबर छतापासून टांगलेलं आहे. परदेशी पद्धतीच्या स्थिर खाटेवर ते ठीक. आपला पाळणा झुलतो. छताला बांधलेलं झुंबर जागेवर राहतं, पाळणा खालून जातो-येतो, आणि पक्षी कधी बाळाच्या तोंडाजवळ तर कधी पायाशी. लाकडी किंवा लोखंडी पाळण्याला वर दांडी असते, झुंबर तिलाच बांधा, म्हणजे दोन्ही एकत्र झुलतात. तोंडाच्या अगदी वर नको, छातीच्या रेषेत, बाळाच्या हातापासून लांब. झोळी असेल तर झुंबराचा नादच सोडा: कापड मिटत येतं आणि दोरे थेट बाळाजवळ येतात.

छतालाच टांगायचं असेल तर काँक्रीटच्या स्लॅबला 6 मिमीचं ड्रिल, 6 मिमीची प्लॅस्टिकची गुट्टी आणि स्क्रूचा हूक. पंख्याच्या वायरिंगच्या रेषेत भोक पाडू नका. चिकटवायचा हूक डिस्टेंपरच्या छताला लावला तर हुकासकट रंगाची खपली खाली येते.

बाळ हाता-गुडघ्यांवर उठायला लागलं, किंवा साधारण पाच महिन्यांचं झालं, की झुंबर उतरवायचं. यात सवलत नाही. उतरवलेले पक्षी खेळायला द्यायचा मोह होतो, तोही टाळा. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हा संच मोठ्यांच्या हस्तकलेचा म्हणून विकला जातो, त्यावर ते चिन्ह नाही. कड्यावर चकचकीत रंग लावलेला असेल तर तो कुठला, हेही खोक्यावर लिहिलेलं नसतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे, पण बिनरंगी कडं निवडलं की तो प्रश्नच उरत नाही.

सुटं सामान घ्यायचं तर पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट. फेल्ट, दोरे, कडं सगळं मिळतं आणि खर्च संचाहून बराच कमी येतो. फेल्ट घेताना तुकडा दुमडून बघा: कडक फेल्ट पाटीसारखं ताठ राहतं, ते पक्ष्यांना नको. पोटाच्या पट्टीसकट सगळे तुकडे स्वतः कापायला मात्र एक अख्खी संध्याकाळ जाते. ज्यांच्या हातात कात्री सरळ चालत नाही त्यांनी संचच घ्यावा आणि नायलॉनचा दोरा कचऱ्यात टाकावा.

राहता राहिलं नावाचं तोरण. झेंड्यांबरोबर येणारा अक्षरांचा साचा इंग्रजी आहे. देवनागरीसाठी साचा स्वतः करावा लागतो, आणि एका झेंड्यावर एक पूर्ण अक्षर बसवायचं: ‘अद्वैत’ तीन झेंड्यांत, ‘द्वै’ एकाच. अक्षर फेल्टमधून कापताना शिरोरेघ निदान 8 मिमी जाड ठेवा. बारीक ठेवली की मात्रा आणि वेलांटी तिथूनच तुटतात. उकाराला झेंड्याच्या खालच्या निमुळत्या टोकात जागा उरत नाही, म्हणून ‘मृदुला’सारख्या नावाला त्रिकोणाऐवजी चौकोनी झेंडे कापा. अक्षरं ग्लू गनने चिकटवू नका, ओढली की फेल्टचा वरचा थर घेऊन निघतात. बारीक धावदोरा पुरतो. तोरण पाळण्यापासून लांबच्या भिंतीवर, दोन्ही टोकं खिळ्याला पक्की बांधून.