दुसरी गाडी, की रात्रीची माणसं? गावच्या रुग्णवाहिकेचा पैसा थंडीआधी कुठे घालावा

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. आपल्या रुग्णवाहिका समित्याही तयारी करतात ती उन्हाळ्याची. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. भर शहरात ही गत, तर उघड्या वावरात काय असेल, ते रात्रीच्या लाईनवर गव्हाला ओलीत करणाऱ्याला विचारावं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पांढरकवडा-झरीच्या पट्ट्यात गाडीला बोलावणी वाढतात, आणि त्यातली अवघड बोलावणी येतात पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान.

तुमच्या समितीकडे एक जुनी गाडी आहे, देणगीचा थोडा पैसा जमला आहे आणि बैठकीत दोन तट पडले आहेत, असं धरून लिहितो. एका बाजूचं म्हणणं, दुसरी गाडी घ्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आहे तीच गाडी नीट करा आणि रात्रपाळीला माणसं ठेवा. तिसरी वाट बैठकीत सहसा निघत नाही. ती म्हणजे गावातल्या जीप-पिकअपवाल्यांशी आधीच बोलून ठेवण्याची. अशा एका गाडीची नोंदवही मी बरीच वर्षं सांभाळली आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला पैसा माणसांवर घाला.

१०८ नंबरची सरकारी रुग्णवाहिका असताना आपली गाडी कशाला, हा प्रश्न बैठकीत येतोच, आणि तो रास्त आहे. २०१४ पासून राज्यात ही सेवा मोफत आहे. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक होत्या. सोबत डॉक्टर असतो, त्यामुळे पहिला फोन १०८ लाच जायला हवा. गर्भवती आणि आजारी तान्ह्या लेकरासाठी १०२ आहे, आणि बाळंतिणीला घरी सोडण्याची सोयही त्यात येते. पण १०८ ची गाडी आधीच दुसऱ्या रुग्णाला घेऊन यवतमाळच्या वाटेवर असेल, तर ती मोकळी होईपर्यंत पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, माणसाचं काय, हा प्रश्न उरतो. गावची गाडी त्यासाठी आहे.

आता रात्रीचा हिशोब. आठवड्याचे तास १६८. बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या तर चौदा पाळ्या होतात. एक चालक आठवड्यात सहा पाळ्या करेल, सातव्या दिवशी त्याला सुट्टी हवी. म्हणजे एकच गाडी खरोखर चोवीस तास चालवायची तर तीन चालक लागतात. बहुतेक समित्यांकडे एक असतो. त्यांनी दुसरी गाडी घेतली आणि दुसरा चालक ठेवला तरी दोघंही दिवसा राबणार आणि रात्री झोपणार. दारात गाड्या दोन, आणि पहाटे तीनला चालवायला कोणी नाही.

हे मी पाहिलं आहे. जानेवारीतली पहाट होती. दम्याच्या एका म्हातारीला धाप लागली होती, ओठ निळे पडायला लागले होते. गाडी देवळापुढे उभी होती, डिझेल भरलेलं होतं. चालक मध्यरात्री एक रुग्ण सोडून आला होता आणि फोन बंद करून झोपला होता. त्याची चूक नव्हती, तो वीस तास जागा होता. आम्ही समितीवाल्यांनी त्याच्या जोडीला माणूस दिला नव्हता. शेवटी भाजीच्या पिकअपमधून तिला नेलं. ती वाचली, पण वाटेतला तो एक तास मला अजून विसरता येत नाही.

हिवाळ्यात गाडीला बोलावतात कोण? सगळ्यात जास्त दमा आणि सीओपीडीवाले, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट धापेच्या आजाराचे. वर्षानुवर्षं चुलीत पऱ्हाट्या जाळून धूर घेतलेल्या बाया त्यात पुष्कळ. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, म्हणून पहाटेचे हृदयविकाराचे आणि लकव्याचे रुग्ण. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लेकरांना गारठ्याने अंगभर कळा सुटतात. आदिवासी भागात गाडी ठेवणाऱ्याने हे विसरूच नये. शेकोटीने भाजलेले. घोणस थंडीतही फिरते, त्यामुळे वेचणीला किंवा जागलीला गेलेल्यांना दंश होतो. धुक्यात कापसाने भरलेल्या, मागे लाल रेडियम नसलेल्या ट्रॉलीवर आदळलेले दुचाकीस्वार. यातल्या बहुतेकांना दुसऱ्या गाडीपेक्षा ऑक्सिजन, ऊब आणि जागा माणूस जास्त लागतो.

ऑक्सिजनचं गणित बैठकीत फळ्यावर मांडा. छोट्या बी टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर मावतो. मिनिटाला ६ लिटर सोडला तर चार तासांच्या थोडा वर पुरतो, १० लिटरला अडीच तास. पांढरकवड्याहून यवतमाळ सुमारे ७० किलोमीटर. धुकं असेल तर दोन तास धरा, वर दवाखान्याच्या दारात खाट मिळेपर्यंतचा वेळ. एक सिलिंडर एका फेरीलाच जेमतेम पुरतो आणि परतताना फोन आला तर हात रिकामे. म्हणून भरलेले दोन गाडीत आणि एक गावात असावा. दुसऱ्या गाडीच्या पैशात सिलिंडर, रेग्युलेटर, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर, तो चालवायला इन्व्हर्टर आणि वर्षभराचं भरणं एवढं सगळं बसून पैसा उरतो.

सीओपीडीच्या रुग्णाला बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के आला की पुरे, ९८ आणायच्या नादात जोराने ऑक्सिजन सोडू नये. हे सोबतच्या माणसाला डॉक्टरांकडून नीट शिकवून घ्या. बोटं गारठलेली असली की ऑक्सिमीटर भलतेच आकडे दाखवतो, म्हणून आधी हात चोळून गरम करायचे. धाप लागलेल्याला आडवं पाडायचं नाही, टेकून बसवायचं. तान्ह्या लेकराला टोपी घालून आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावायचं आणि वरून गोधडी. याला पैसा लागत नाही, शिकलेला माणूस लागतो, आणि नवी गाडी घेताना नेमका तोच खर्च कापला जातो.

दुसऱ्या गाडीची बाजू मी टाकून देत नाही. यवतमाळची एक फेरी म्हणजे पाच तास गाव उघडं. त्यातच दिवसा डायलिसिसच्या फेऱ्या ठरलेल्या असतील तर एकच गाडी तिथेच अडकते. तुमच्या नोंदवहीत ‘गाडी बाहेर होती’ असे शेरे वारंवार दिसत असतील, तर दुसरी गाडी जरूर घ्या. मात्र चालक आधी नेमा. घेताना हेही तपासा की गाडी एआयएस-१२५ या रुग्णवाहिकांच्या मानकातल्या कोणत्या प्रकाराची आहे. बी प्रकार फक्त रुग्ण नेण्यापुरता असतो, जीवरक्षक साधनं सी आणि डी मध्ये येतात. स्वस्तात मिळालेली लहान व्हॅन बहुधा बी असते, आणि तिच्यात ऑक्सिजन देणारा माणूस रुग्णाशेजारी नीट बसूही शकत नाही. नोंदवहीत ‘फोन उचलला नाही’, ‘चालक मिळाला नाही’ असे शेरे जास्त असतील, तर दुसऱ्या गाडीने काहीही बदलणार नाही. शेरे लिहितच नसाल तर कोजागिरीपासून लिहायला लागा. महिनाभरात उत्तर हातात येईल.

जीपवाल्यांची वाट सगळ्यात स्वस्त, आणि पावसाने फुटलेल्या पांदणीत ती रुग्णवाहिकेपेक्षा सरस ठरते. पोडावरून डांबरी रस्त्यापर्यंत रुग्णाला आणायचं काम चारही चाकांना जोर असलेली जीपच करते, तिथून पुढे रुग्णवाहिका. लकव्यात तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलं की साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन होऊन औषध मिळायला हवं. तिथे रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा जीप सरळ सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात नेणं बरं. जीपवाले मागे सरतात ते पोलिसांच्या भीतीने. त्यांना सांगा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. पण छातीत दुखणाऱ्याला किंवा ओठ निळे पडलेल्याला ऑक्सिजनविना सत्तर किलोमीटर जीपमध्ये नेणं ही नाइलाजाची गोष्ट आहे, तिला व्यवस्था म्हणू नका.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा लावला असता. दोन चालक आणखी, आणि रात्री सोबत एक शिकवलेला माणूस. मग ऑक्सिजन. मग प्रत्येक गावात दोन जीपवाल्यांचे नंबर शाळेच्या भिंतीवर, आशाताईंच्या आणि पोलीस पाटलांच्या फोनमध्ये. त्यानंतर पैसा उरला तर गाडीचा विचार. आणि दिवाळीआधी जुन्या गाडीची बॅटरी तपासून घ्या, पण दुपारी मेकॅनिकच्या दुकानात नको. रात्रभर उघड्यावर उभी ठेवा आणि पहाटे चारला स्टार्टर मारून पाहा. पहिल्या झटक्यात उठली नाही, तर त्याच दिवशी बदला.