दोन खोल्यांमधल्या पार्टिशनची ध्वनिमोजणी: घेतलेल्या सेवेबद्दल

समुपदेशनाच्या दोन खोल्यांमध्ये जिप्सम बोर्डाचे पार्टिशन उभारले, तेव्हा माहितीपत्रकात त्या रचनेचे ध्वनिरोधन ५० डेसिबल दिलेले होते. प्रत्यक्षात मात्र एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत शब्दन् शब्द कळत होते. माणसे जिथे मनातले बोलायला येतात तिथे हे चालण्यासारखे नव्हते, म्हणून प्रत्यक्ष जागेवर मोजणी करून देणारी सेवा घेतली.

मोजणी आयएसओ १६२८३ या, इमारतीतले ध्वनिरोधन जागेवर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागाप्रमाणे झाली. एका खोलीत लाउडस्पीकरवरून मोठा सरमिसळ आवाज सोडून दोन्ही खोल्यांतली पातळी अनेक ठिकाणी घेतली गेली. केवळ वजाबाकी करून ते थांबले नाहीत. पलीकडची खोली घुमणारी असेल तर तिथला आवाज मुळातच जास्त भरतो. म्हणून आवाज विरायला लागणारा वेळ मोजून अर्ध्या सेकंदाच्या प्रमाणाशी त्याचा मेळ घातला. एसी बंद करून नुसत्या खोलीतला आवाजही आधी तपासला, आणि वारंवारतेच्या (आवाजाच्या उंच-खालीपणाच्या) एका पट्ट्यात तो मोजायच्या आवाजाच्या फार जवळ आढळल्यावर तेवढी मोजणी पुन्हा केली. हा काटेकोरपणा मला सर्वांत मोलाचा वाटला.

ध्वनिरोधनाचा आकडा आला ३७ डेसिबल. प्रयोगशाळेत आवाजाला पार्टिशनखेरीज दुसरी वाट ठेवलेली नसते, इमारतीत मात्र छत, जमीन आणि फटी असतात. त्यामुळे थोडी घट अपेक्षित होती, पण इतकी नव्हे. उत्तर आलेखात सापडले. १०० ते ३१५० हर्ट्झच्या सोळा पट्ट्यांत ध्वनिरोधनाची रेषा चढत जायला हवी होती. ती ५०० हर्ट्झनंतर जवळजवळ सपाट झाली होती, आणि हे फटीतून आवाज गळत असल्याचे लक्षण आहे. फॉल्स सीलिंगची टाइल उचलली तेव्हा पार्टिशन स्लॅबपर्यंत नेलेलेच नाही हे दिसले.

तक्रारी दोन आहेत. इतका बोलका आलेख अहवालाच्या शेवटी, स्पष्टीकरणाविना जोडलेला होता. पहिल्या पानावर एकच आकडा. दुसरे, दुरुस्तीनंतरच्या फेरमोजणीचे पैसे वेगळे पडतील हे आधी सांगितले नाही. संगीताची खोली असेल तर १०० हर्ट्झखालची मोजणी आवर्जून मागावी, कारण ती नेहमीच्या मोजणीत येत नाही.

पार्टिशन स्लॅबला भिडवून सांधे सीलंटने भरल्यावर फेरमोजणीत ४५ आले. आता पलीकडे कोणी बोलत आहे एवढेच जाणवते, काय बोलत आहे ते कळत नाही.