येणारे कार्यक्रम पहिल्या पानावर : साताऱ्यातील एका लहान महाविद्यालयाच्या वार्तापत्राविषयी

सातारा शहराच्या कडेला असलेल्या एका लहान कला व वाणिज्य महाविद्यालयाचे मासिक वार्तापत्र मी गेले वर्षभर नियमितपणे वाचत आहे. आठ पानांचा हा अंक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघतो. त्याच्या मोजक्या छापील प्रती ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर ठेवल्या जातात आणि तोच अंक पीडीएफ स्वरूपात विद्यार्थी, पालक व माजी विद्यार्थी यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवला जातो. किंमत नाही, वर्गणी नाही. माझी भाची तेथे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मी जवळच राहते, इतकाच माझा या संस्थेशी संबंध. त्यामुळे हे परीक्षण आतल्या माणसाचे नसून, अंक हातात घेऊन एखाद्या कार्यक्रमाला जावे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकाचे आहे.

महाविद्यालयांची वार्तापत्रे सहसा होऊन गेलेल्या कार्यक्रमांनी भरलेली असतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची संपूर्ण बिरुदावली, प्रास्ताविक कोणी केले आणि आभार कोणी मानले, एवढे सांगून बातमी संपते. पाहुणे नेमके काय बोलले याचा पत्ता लागत नाही. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक उपक्रमाचा अहवाल आणि छायाचित्रे जपून ठेवावी लागतात, हे त्यामागचे एक कारण आहे आणि ते समजण्यासारखेही आहे. परंतु समितीसाठी लिहिलेला अहवाल जसाच्या तसा वाचकापुढे ठेवला, की वाचक दुसऱ्या पानापर्यंत पोहोचत नाही.

या वार्तापत्राचे पहिले पान पुढे येणाऱ्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवलेले असते, आणि माझ्या मते त्याचे सारे मोल त्यातच आहे. प्रत्येक नोंदीत वार, दिनांक, सुरू होण्याची आणि संपण्याचीही वेळ, सभागृह कोणत्या मजल्यावर आहे, बाहेरच्या लोकांना प्रवेश आहे का आणि नाव कोणाकडे द्यायचे, एवढे न चुकता असते. संपण्याची वेळ छापणे ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटेल. साताऱ्यात ती मुळीच क्षुल्लक नाही. येथे शिकणारी बरीच मुले-मुली जावळी आणि कोरेगाव तालुक्यांतून, परळी खोऱ्यातून एसटीच्या पासवर ये-जा करतात. गावाकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या असतात आणि कार्यक्रम लांबला, की मुलींना सर्वांत आधी उठावे लागते. डिसेंबरच्या अंकात एका व्याख्यानाच्या नोंदीखाली असे वाक्य होते : ‘कार्यक्रम दुपारी ३ वाजता संपेल; मेढा व परळी बाजूच्या विद्यार्थ्यांनी शेवटपर्यंत थांबावे.’ ज्याने हे लिहिले, त्याला सभागृहाच्या मागच्या रांगेत घड्याळाकडे पाहत बसणारी मुलगी ठाऊक आहे. पालक मेळाव्याच्या निवेदनात एसटीत महिलांना निम्मे तिकीट असल्याची आठवणही करून दिली होती. ही सवलत मार्च २०२३ पासून आहे. तरीही आईने मेळाव्याला यावे असे संस्थेला मनापासून वाटते, हे त्या एका ओळीतून आईपर्यंत पोहोचते.

नोव्हेंबरच्या अंकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा साताऱ्याच्या तेव्हाच्या शासकीय शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश झाला. शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरवले, आणि तेव्हापासून शहरातल्या शाळा-महाविद्यालयांत त्या दिवशी काही ना काही होतेच. या वार्तापत्राने वरील माहिती चार ओळींत देऊन पुढे लिहिले होते, की आपल्या घरातून महाविद्यालयात आलेले जे पहिलेच आहेत, त्यांनी आपल्या प्रवेशाची हकीकत पाच मिनिटांत सांगावी. कागदावरून वाचली तरी चालेल, नागरिकांनी ऐकायला यावे. नावे कोणाकडे द्यायची तेही दिले होते आणि बोलण्याचा सराव करून घेण्यासाठी मराठी विभाग आदल्या आठवड्यात रोज मधल्या सुट्टीत उपलब्ध असल्याचे नमूद केले होते.

मी त्या कार्यक्रमाला गेले होते. सभागृह भरले नव्हते, पण जे आले होते ते उठले नाहीत. पुढच्या अंकात त्यातल्या दोन हकीकती जशाच्या तशा छापल्या गेल्या. जावळीतल्या एका मुलीने लिहिले होते, की तिचे वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. प्रवेशाच्या दिवशी ते येऊ शकले नाहीत, म्हणून तिने खिडकीसमोरच्या रांगेतून त्यांना फोन लावून एकेक कागद विचारून घेतला. उत्पन्नाचा दाखला तेवढा मिळाला नव्हता. तो चार दिवसांनी आणून देण्याच्या बोलीवर कारकुनांनी अर्ज ठेवून घेतला, आणि त्या कारकुनांचे आभार तिने शेवटच्या ओळीत मानले होते. संपादनाच्या नावाखाली तिच्या भाषेला कोणी हात लावलेला नाही. ‘दाखला नव्हता म्हणून पोटात गोळा आला’ हे वाक्य तसेच ठेवले आहे. एवढा मजकूर छापायला अर्धे पान लागते, आणि ते अर्धे पान सत्काराच्या छायाचित्रांना न देता या मुलीला देण्याचा निर्णय ज्या प्राध्यापकांनी घेतला, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

बातमी दिल्यानंतर तिचा पाठपुरावा करण्याची सवय हा या अंकाचा दुसरा मोठा गुण आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्यातील स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहायचे असते. आपल्याकडे त्याला श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. दरवर्षी हिवाळ्यात अशी शिबिरे गावोगावी होतात, त्यांच्या उद्घाटनाची बातमी येते, समारोपाची येते, आणि विषय संपतो. या महाविद्यालयाच्या मुलांनी परळी खोऱ्यातल्या एका गावात ओढ्यावर वनराई बंधारा घातला, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, ती सांधेमोड पद्धतीने, म्हणजे एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत अशी, रचून वाहते पाणी अडवले. जानेवारीच्या अंकात पोती कोठून मिळाली, ओढ्याचे कोणते वळण का निवडले आणि गावातल्या कोणत्या शेतकऱ्यांनी जागा दाखवली, हे सर्व होते. मार्चच्या अंकात तीन ओळींची छोटी बातमी होती : बंधाऱ्यामागे अजून पाणी आहे, जनावरे तेथे पाणी पितात, मात्र डाव्या काठाकडून पाझर आहे आणि पुढच्या वर्षी तेथे मातीचा भराव अधिक घालावा लागेल. पुढच्या तुकडीला या तीन ओळी उद्घाटनाच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

युवा महोत्सवाच्या बातमीतही हाच प्रामाणिकपणा दिसला. शिवाजी विद्यापीठाचा महोत्सव आधी जिल्हा पातळीवर आणि मग मध्यवर्ती असा होतो. लहान महाविद्यालयाला ना स्वतःचे नाट्यगृह, ना कसलेला दिग्दर्शक. पथनाट्याच्या तालमी कँटीनसमोरच्या मोकळ्या जागेत कोणत्या दिवशी चालतील, हे अंकात आधीच दिले होते आणि पाहायला येऊन सूचना करा, असे आवाहन होते. क्रमांक आला नाही. वार्तापत्राने तसे सरळ लिहिले आणि परीक्षकांनी सांगितलेल्या उणिवाही दिल्या : आवाज प्रेक्षकांच्या गोलाच्या एकाच बाजूला जात होता आणि शेवट लांबला होता.

लहानसहान वार्तांचे सहावे पान मी आवडीने वाचते. ग्रंथालयात नव्याने आलेली पुस्तके, बागेतल्या विहिरीचा गाळ काढल्याची बातमी, निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांविषयी विद्यार्थ्यांनी लिहिलेला मजकूर, असे त्याचे स्वरूप असते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील जागाही येथेच जाहीर होतात : काम ग्रंथालयात की बागेत, दिवसाला किती तास, अर्ज कधीपर्यंत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ज्या जिल्ह्यात श्रमाला शिक्षणाशी जोडले, तेथे ही माहिती सूचनाफलकाच्या कोपऱ्यात न ठेवता छापून घरोघरी पाठवली जाते, हे योग्यच आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे शिष्यवृत्तीची माहिती शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते. राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची, त्रुटी दुरुस्त करण्याची आणि आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला आहे याची खात्री करण्याची कामे वेळेत झाली नाहीत, तर वर्षभराचे शुल्क घरच्यांवर पडते. ज्या अंकाने संपण्याची वेळ छापण्याइतका विचार केला, त्याने अर्जाची अंतिम तारीख पहिल्या पानावर ठळक टाइपात द्यायला हवी. दुसरी उणीव वेळेची. अंक कधीकधी ५ तारखेच्या पुढे जातो आणि तोवर महिन्याचे पहिले एक-दोन कार्यक्रम होऊन गेलेले असतात. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती यंदा अशीच निसटली. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. त्या कार्यक्रमाला बाहेरचे अनेक जण आले असते. जानेवारीचे पहिले पान डिसेंबरच्या अखेरीस स्वतंत्रपणे पाठवले, तर हा प्रश्न सहज सुटेल. तिसरी बाब मांडणीची : छापील पानावर दोन रकाने शोभतात, परंतु मोबाइलवर तेच पान वाचताना बोटाने सतत सरकवावे लागते. पहिल्या पानाची एक साधी, एका रकान्याची प्रत गटावर पाठवावी.

विद्यापीठाने परीक्षेचे वेळापत्रक बदलले, की महाविद्यालयाचे सगळे कार्यक्रम पुढे-मागे होतात. हा दोष वार्तापत्राचा नाही, पण बदल कळवण्याची रीत मात्र त्याने ठरवायला हवी. सध्या फेरबदल केवळ विद्यार्थ्यांच्या गटावर येतो. पालक आणि नागरिक जुन्या तारखेला फाटकापाशी येऊन परत जातात. फेब्रुवारीत एका व्याख्यानाच्या वेळी मी दोन वृद्ध गृहस्थांना असे परतताना पाहिले. फाटकावरच्या फळ्यावर खडूने एक ओळ लिहिली असती तरी पुरे होते. मी हे मुख्य लिपिकांना सांगितले तेव्हा त्यांनी ते लिहून घेतले, आणि मार्चच्या कार्यक्रमाच्या वेळी फळ्यावर सूचना होती.

छापील अंक हवा असल्यास महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी २ नंतर ग्रंथालयाच्या खिडकीवर विचारावे. बाहेरच्या माणसालाही तो दिला जातो, फक्त वहीत नाव लिहून सही करावी लागते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन यांचे कार्यक्रम नागरिकांसाठी खुले असतात, त्यामुळे फेब्रुवारीच्या प्रती लवकर संपतात.