दीड वर्ष बंद असलेला सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) परत चालू करून घेतला, त्या टीमच्या कामाचा अनुभव

आमची सोसायटी ठाण्यात येऊरच्या पायथ्याकडे, 120 फ्लॅट, आणि मागच्या कंपाउंडला लागूनच तलाव. बिल्डरने दिलेला 65 केएलडीचा (रोज 65 हजार लिटर) एसटीपी दीड वर्ष बंद होता. माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 80 टक्के तरी सांडपाणी होऊन खाली येतं, म्हणजे आमचं रोजचं 60-65 हजार लिटर घाण पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरून पावसाळी गटारात आणि तिथून थेट तलावात. खाडीत निदान भरती-ओहोटी असते, तलावात गेलेलं तिथेच साचतं, त्याच्यावर जलपर्णी माजते. सकाळी वॉकला जाणारे आजी-आजोबा त्या कोपऱ्यावर नाकाला रुमाल लावायचे, मला खरंच लाज वाटायची.

तिघांना बोलावलं, दोघांनी टाकी न उघडताच नवीन प्लँटचं कोटेशन दिलं. ही तिसरी टीम आली, त्यांच्यातल्या सिनियर काकांनी आधी लॉगबुक मागितलं आणि मग ब्लोअर (टाकीत हवा सोडणारा पंखा) दिवसाला किती तास चालायचा ते विचारलं. खरं सांगायचं तर लाइटबिल कमी करायला आमच्याच कमिटीने रात्री ब्लोअर बंद ठेवायला सांगितलं होतं. काका म्हणाले, "साहेब, घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात, हवा बंद झाली की काही तासांत पाणी सडायला लागतं." तो सडक्या अंड्याचा वास त्याचाच होता.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे माणूस टाकीत उतरवायची घाई अजिबात केली नाही. आधी सक्शनची गाडी लावून गाळ उपसला, झाकणं उघडी ठेवून हवा मारली, दोरीला विषारी गॅस तपासायचा मीटर बांधून खाली सोडला, रीडिंग मला दाखवलं आणि मगच हार्नेस लावून एक जण उतरला, वर दोघं उभे. 2019 ला ठाण्यातच ढोकाळीत सोसायटीच्या एसटीपीत तीन कामगारांचा जीव गेला होता, ते मी विसरलेलो नाही, त्यामुळे कोणी "पटकन उतरतो साहेब" म्हणाला तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

टाकीच्या तळाला हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरचे रबर कडक होऊन फाटले होते, ते सगळे बदलले. ब्लोअरचे बेल्ट-बेअरिंग बदलले, सँड फिल्टरची वाळू आणि कार्बन फिल्टरमधला कार्बन नवीन भरला. मग दुसऱ्या चालू प्लँटमधून टँकरने जिवंत स्लज (जिवाणू असलेला गाळ) आणून एरेशन टाकीत, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीत, सोडला. सुरुवातीला आठवडाभर नुसता पांढरा फेस, सगळे मला येऊन विचारायचे पैसे पाण्यात गेले का. तिसऱ्या आठवड्यात काकांनी एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून माझ्यासमोर अर्धा तास ठेवलं, खाली चॉकलेटी गाळ बसला आणि वर नितळ पाणी, वास म्हणाल तर ओल्या मातीसारखा. मी फोटो काढून लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

लॅब रिपोर्टमध्ये बीओडी (पाण्यात उरलेली घाण दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं पाणी चांगलं) 7 आला, आमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीत, मर्यादा 10 आहे. आता तेच पाणी फ्लशला आणि बागेला जातं, त्यामुळे टँकरही कमी झालेत.

तक्रारी पण आहेत. रिपोर्ट द्यायला फार उशीर केला, बीओडीची बाटली 27 डिग्रीवर तीन दिवस ठेवावी लागते हे मान्य पण आम्हाला तीन आठवडे लागले. एएमसीमधला (वार्षिक देखभालीच्या करारातला) ऑपरेटर दोन महिन्यांत दोनदा बदलला, नवीन पोराला हायपोचा (जंतू मारायच्या क्लोरीनच्या द्रावणाचा) डोस किती टाकायचा तेही माहीत नव्हतं, काकांना फोन करून मीच त्याला सांगितलं. आणि ब्लोअर आता रात्रभर चालतो तर पहिल्या मजल्यावरच्या काकूंची झोप उडालीये, त्याला साउंडप्रूफ कव्हर लावून देतो म्हणाले होते, ते अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत शेवटचा हप्ता मी थांबवलाय.