उजळाईवाडी ते सांबरा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हव्या त्या शहराचे किंवा सोयीच्या वेळेचे विमान नसले, की बेळगावच्या सांबरा विमानतळाचा विचार करावा लागतो. कामानिमित्त गेले काही महिने मी हा पर्याय सातत्याने वापरत आहे. या दोन विमानतळांमधले अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर तासांतच मोजावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतच भरते; रस्त्याने मात्र ते साधारण ११५ ते १२० किलोमीटर पडते. रेल्वेने जायचे तर मिरजेचा वळसा आहे, त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच खरा मार्ग. मोबाईलवरचा नकाशा सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दाखवतो. पहाटे निघाल्यास तो खरा ठरतो, दिवसा मी तीन तास धरून चालतो.

हा जादा वेळ नेमका कुठे जातो, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते. कागलपर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे वाहने मध्येच सेवा रस्त्यावर वळवली जातात. पुढे कोगनोळी आणि हत्तरगी हे दोन टोलनाके आहेत, पण फास्टॅगमुळे तिथे फारसा खोळंबा होत नाही. निपाणीनंतरच्या तवंदी घाटात मात्र अवजड ट्रक रांगेने चढत असतात आणि एखादे वाहन बंद पडले, की मागची सगळी वाहतूक तुंबते. गळीत हंगामात तर कागल ते संकेश्वर हा संपूर्ण साखर कारखान्यांचा पट्टा उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला असतो. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बाजूला लोंबणारे वाढे आणि मागे परावर्तक पट्टीही नाही, अशा स्थितीत अंधारात गाडी हाकताना वेग कमी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. परावर्तकांची सक्ती काटेकोरपणे व्हायला हवी, कारण इथे प्रश्न विमान चुकण्यापुरता उरत नाही.

बेळगावात पोहोचलो म्हणजे विमानतळ आला, असेही नाही. सांबरा शहराच्या पूर्वेला असून गांधीनगरहून बसवन कुडची, निलजी, मुतगा अशा गावांमधून जावे लागते, त्यासाठी किमान अर्धा तास वेगळा ठेवावा. सीमाप्रश्नाचे दिवसही लक्षात घ्यावेत. १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि डिसेंबरच्या सुमारास बेळगावात भरणारे कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन, या काळात कोगनोळीजवळ बंदोबस्त वाढतो आणि एसटी सेवाही कधीकधी थांबते. अशा वेळी मी आदल्या दिवशीच चौकशी करून ठेवतो.

इतके असूनही पुण्याच्या लोहगावपेक्षा मी सांबराच निवडतो. पुण्याचे अंतर जवळपास दुप्पट, त्यात संपूर्ण शहर ओलांडायचे. शिवाय सांबऱ्याची इमारत आटोपशीर असल्याने सुरक्षा तपासणी लवकर उरकते आणि वयस्कर प्रवाशांना फार चालावे लागत नाही.

परतीची गाडी मात्र कोल्हापुरातूनच ठरवावी आणि तिला कर्नाटकात चालणारे परमिट असल्याची खात्री करून घ्यावी. रात्रीच्या विमानाने उतरल्यावर कोल्हापूरपर्यंत यायला तयार होणारा टॅक्सीवाला सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर रिकाम्या परतीचे भाडेही आपल्याकडूनच घेतो.