गोगलगायीचं 'विदेशी औषध' म्हणून मला मोरचूद विकला

आमचं गाव मोर्शी तालुक्यात. घरी मुलीसाठी दोन फुटी काचेची टाकी आहे, पन्नासेक लिटरची. त्यात गप्पी मासे आणि लाल झिंगे. जूनमध्ये शहरातल्या एका दुकानातून पाणवनस्पतीची जुडी आणली. पानांच्या खाली पारदर्शक चिकट ठिपके होते, मी तशीच लावली. ती गोगलगायीची अंडी होती. तीन आठवड्यांत रात्री लाइट लावला की काचेवर तांदळाएवढ्या गोगलगायीच गोगलगायी.

त्याच दुकानात परत गेलो. दुकानदार म्हणाला, "विदेशी औषध आहे भाऊ. फक्त गोगलगाय मरते. माशाले, झिंग्याले काही नाही होत. एक झाकण टाका, बिनधास्त." पांढरी प्लॅस्टिकची बाटली, लेबल नाही, कंपनीचं नाव नाही, नुसतं स्केचपेननं 'गोगलगाय' लिहिलेलं. साडेतीनशे रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, मशीन बंद आहे. मी तिथेच थांबायला पाहिजे होतं.

संध्याकाळी एक झाकण टाकलं. सकाळी मुलीनं हाक मारली. सगळे झिंगे आडवे पडले होते, पाठी दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या. तिनं एकेक करून मोजले, चौदा. एका मादीच्या पोटाखाली अंडी तशीच होती. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, घरभर कुजका वास. शेकड्यानं मेलेल्या गोगलगायी रेतीत सडत होत्या. त्यातून अमोनिया वाढतो आणि औषधातून वाचलेले मासे त्यानं मरतात. गप्पी वर येऊन तोंड मारत होते. विहिरीचं पाणी आणून दिवसातून दोनदा अर्धं पाणी बदललं, तेव्हा पाच गप्पी वाचले.

दुकानदाराला फोन केला तर, "तुम्ही जास्त टाकलं असन."

बाटलीच्या झाकणाच्या कडेला निळे खडे वाळले होते. बाबांनी ते बोटावर घेतले आणि लगेच म्हणाले, "अरे, हा तर मोरचूद होय." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार. संत्र्याचा बगीचा असलेल्या घरात तो ओळखायला वेळ लागत नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, हे झाडांच्या बुरशीवरचं बोर्डो मिश्रण आम्ही दरवर्षी बनवतो. त्यात तांबं मोकळं राहिलं का ते लोखंडी खिळा बुडवून बघतो. बाटलीतल्या पाण्यात स्वच्छ घासलेला खिळा टाकला. काही मिनिटांत त्यावर लालसर तांब्याचा थर चढला.

म्हणजे कृषी केंद्रात किलोनं मिळणारी वस्तू पाण्यात विरघळवून साडेतीनशेला! पैशापेक्षा राग याचा, की झिंग्याला काही होत नाही असं तो छातीठोकपणे बोलला. तांबं गोगलगाय आणि झिंगा यांत फरक करत नाही, झिंगा तर फार कमी तांब्यानंही मरतो. शिवाय ते रेतीत मुरून बसतं. मी सगळी रेती फेकली, टाकी घासून नव्यानं लावली.

तरी धुतलेल्या वनस्पतींवरून थोड्या गोगलगायी परत आल्याच. या वेळी औषध आणलं नाही. मी खाणं दिवसातून दोनदा, तेही मूठभर टाकत होतो. उरलेलं गोगलगायी खात होत्या, म्हणून तर एवढ्या वाढल्या. आता माशांना दोन मिनिटांत संपेल तेवढंच. रात्री काकडीची चकती तळाशी ठेवतो, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलतो. नवीन वनस्पती आणली की तीन आठवडे वेगळ्या बादलीत राहते.

लेबल नसलेली, निळ्या औषधाची बाटली कोणी तुमच्या हातात दिली तर आधी खिळा बुडवून बघा. दुकानदारासमोरच बघा.

सकाळची चकती आता मुलगीच उचलते. पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस निघायच्या. काल चार होत्या. झिंगे मात्र तिनं अजून मागितले नाहीत.